वीस हजार माणसं, एक गळा आणि व्यासपीठाखालचं वार्ताहरांचं टेबल

प्रश्न असा आला आहे: व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात मोकळ्या मैदानांवर वीस-वीस, पन्नास-पन्नास हजारांच्या राजकीय सभा होत असत असं वाचलं. माईक नव्हता, मग मागच्यांना ऐकू कसं जायचं? आणि ऐकूच जात नसेल, तर त्या भाषणांनी लोकमत बदललं असं कशाच्या जोरावर म्हणतात?

आधी माझं सांगतो, म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तीसेक वर्षं मराठी लघुलेखनात गेली. सभागृहातली भाषणं उतरवली, मैदानांवरची उतरवली. जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांतली भाषणं वाचायचा नाद त्यातूनच लागला. ती उतरवणारी माणसं एका अर्थी आमच्याच भाऊबंदांतली. त्यामुळे मी सभेकडे व्यासपीठाच्या खाली, डाव्या हाताला मांडलेल्या टेबलावरून बघतो. वक्ता वरून बघतो, गर्दी समोरून बघते. माझी जागा तिसरीच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. मागच्यांना ऐकू जात नव्हतं. दुसऱ्याला मात्र वेळ लागेल.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या गावी निवडणुकीची सभा होती. वीज गेली, जनरेटर काही केल्या सुरू होईना. वक्ते जुने, मुरलेले. त्यांनी माईक बाजूला सारला आणि तसेच बोलू लागले. मी पायाशीच होतो, मला शब्द न् शब्द मिळत होता. माझा सहकारी मैदानाच्या मध्यावर उभा राहून लिहीत होता. रात्री दोघांच्या वह्या ताडून पाहिल्या तर त्याच्या वहीत प्रत्येक वाक्याचं शेपूट गायब. वाक्य संपता संपता श्वास संपतो आणि आवाज पडतो; त्यात मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हणजे ‘पाणी आणणार’ की ‘पाणी आणणार नाही’, हेच मागच्याला कळलेलं नव्हतं! टाळ्या मात्र मागूनही आल्या होत्या. पुढच्यांनी वाजवल्या म्हणून.

त्या काळच्या मैदानी वक्त्यांना हे सगळं पक्कं ठाऊक होतं. वारा पाठीशी घ्यायचा. चढावर लोक आणि पायथ्याशी वक्ता, अशी वाटीसारखी जागा शोधायची. माळरानं, टेकड्यांच्या कुशी म्हणून तर निवडल्या जात. घोडा सोडलेली ओझ्याची गाडी हेच व्यासपीठ. वाक्यं तोडून तोडून बोलायची, स्वर लांबवायचे, महत्त्वाचा शब्द दोनदा उच्चारायचा. एक गळा पुरणार नाही हे गृहीत असेल तर गाड्याच अनेक उभ्या करायच्या: एकाच मैदानात पाच-दहा व्यासपीठं, प्रत्येकावर वेगळा वक्ता. ठराव एकाच क्षणी सगळीकडे मांडला जावा म्हणून बिगुल वाजवायची पद्धतही पुढे पडली. हजारो हात एकदम वर जात. हे दृश्य लांबूनही दिसे, आणि ते दिसावं हाच त्याचा हेतू होता.

गळा किती लांब पोचतो याचा एक हिशोब व्हिक्टोरियाच्या जन्माआधी ऐंशी वर्षांचा आहे. १७३९ मध्ये फिलाडेल्फियात जॉर्ज व्हाइटफील्ड नावाचे धर्मोपदेशक उघड्यावर बोलत होते आणि बेंजामिन फ्रँकलिन गर्दीत होते. फ्रँकलिन पाठीमागे चालत गेले आणि आवाज रस्त्याच्या गोंगाटात बुडेपर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं. त्या त्रिज्येचं अर्धवर्तुळ धरून, माणशी दोन चौरस फूट जागा देऊन त्यांनी तीस हजारांहून अधिक माणसांना ऐकू जाईल असं गणित मांडलं. माझा अनुभव म्हणतो, आवाज पोचणं आणि शब्द पोचणं यांत फार फरक आहे. शिवाय माणशी दोन चौरस फूट म्हणजे आपल्या सकाळच्या लोकलच्या डब्यासारखी दाटी. त्या स्थितीत कोणी दोन तास राजकारण ऐकून घेत नाही.

मग दोन-दोन तास बोलायचे कोणासाठी? टेबलासाठी.

२८ ऑक्टोबर १८७१, शनिवार, लंडनजवळचं ब्लॅकहीथचं माळरान. बोलणार होते पंतप्रधान ग्लॅडस्टन, जे ग्रिनिचचे खासदारही होते. त्यांच्याच सरकारने दोन वर्षांपूर्वी जवळच्या वुलिच आणि डेप्टफर्डच्या सरकारी गोद्या बंद केल्या होत्या. कामगार चिडलेले. वीसेक हजार लोक जमले आणि सुरुवातीला त्यांच्यातून हुर्योच निघत होती. ग्लॅडस्टन बोडक्या डोक्याने उघड्यावर उभे राहिले आणि जवळजवळ दोन तास बोलले. शेवटी सभा त्यांच्या बाजूला झुकली. आता वीस हजारांतल्या किती जणांनी सगळं भाषण ऐकलं असेल? माझा अंदाज चार-पाच हजारांच्या पुढे जात नाही. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत ते भाषण ज्यांनी वाचलं त्यांची संख्या लाखांत गेली असणार, आणि त्यांना ते अख्खं मिळालं. क्रियापदांसकट.

हे जमलं ते तीन-चार गोष्टी एकत्र आल्या म्हणून. आयझॅक पिटमनची लघुलिपी १८३७ ची, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच सालची. वृत्तपत्रांवरचा मुद्रांक कर १८५५ मध्ये गेला, कागदावरचा १८६१ मध्ये, आणि एका पेनीला दैनिक मिळू लागलं. १८६८ मध्ये प्रांतोप्रांतीच्या वृत्तपत्रांनी मिळून प्रेस असोसिएशन ही बातम्या पुरवणारी संस्था काढली. १८७० मध्ये तारायंत्र सरकारी टपाल खात्याकडे आलं आणि वृत्तपत्रांसाठी खास दर लागू झाला: संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ या वेळेत १०० शब्दांना एक शिलिंग, दिवसा ७५ शब्दांना एक शिलिंग. तोच मजकूर दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचा तर तेवढ्याच (१०० किंवा ७५) शब्दांना फक्त दोन पेन्स जास्त.

हा दर नुसता वाचून सोडू नका, मांडून बघा. तेव्हा बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. दीड तासाचं भाषण, मिनिटाला १२० शब्द धरले तर १०,८०० शब्द. रात्रीच्या दराने १०८ शिलिंग, म्हणजे ५ पौंड ८ शिलिंग. पण दुसऱ्या, तिसऱ्या, विसाव्या वृत्तपत्राला तेच अख्खं भाषण १८ शिलिंगांत. प्रेस असोसिएशनने एकदा वार्ताहर बसवला की गावोगावच्या छोट्या संपादकालाही पंतप्रधानांचं भाषण शब्दशः छापणं परवडू लागलं. टपाल खात्याला यात खोट बसत राहिली, त्याची कुरकुरही पुष्कळ झाली. पण देशभर एकाच सकाळी एकच भाषण वाचलं जाऊ लागलं ते या दराच्या जोरावर. इतिहासाच्या पुस्तकांत वक्त्यांच्या आवाजाचं कौतुक पानं भरून असतं. या दोन पेन्सना एखादी ओळ मिळाली तरी खूप.

आणि कंस! आमच्या धंद्यातली ही गंमत बाहेरच्यांना सहसा लक्षात येत नाही. भाषणाच्या छापील मजकुरात मधूनमधून (टाळ्या), (मोठा जयघोष), (हशा), (हिअर, हिअर) असं येतं. हे कोण ठरवतं? टेबलावरचा माणूस. ‘टाळ्या’ लिहायच्या की ‘प्रचंड टाळ्या’, कोपऱ्यातून आलेली शिवी ‘व्यत्यय’ म्हणून नोंदायची की सोडून द्यायची, हे अर्ध्या सेकंदात ठरतं आणि त्यावर अपील नसतं. घरी न्याहारीला बसून वाचणाऱ्या माणसाला गर्दी भेटायची ती या कंसांतून. भाषण त्याला मजकुरातून कळे, आणि इतरांना ते कसं वाटलं हे कंसांतून. लोकमत नावाची वस्तू तिथे, त्या दोन कंसांच्या मध्ये, तयार होत होती असं मला पुष्कळदा वाटतं. संपादक दुसऱ्या पक्षाचा असला तर हेच कंस छपाईत गळत, ते वेगळं.

ही सोय येण्याआधी काम कसं चाले? मजुरांनाही मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्टांचं, म्हणजे सनदवाद्यांचं, ‘नॉर्दर्न स्टार’ हे साप्ताहिक १८३७ पासून निघत होतं. मुद्रांक करामुळे किंमत साडेचार पेन्स, मजुराला एकट्याने न झेपणारी. म्हणून चार-पाच जण मिळून एक अंक घेत आणि दारूच्या गुत्त्यात, कारखान्यात, कोणाच्या तरी ओट्यावर एकजण मोठ्याने वाचत असे. म्हणजे मैदानावर बोललेलं भाषण छापलं जाई आणि छापलेलं पुन्हा बोललं जाई. मागे उभं राहून ज्याला काही ऐकू आलं नव्हतं, त्याला आपण कशाला टाळ्या वाजवल्या हे आठवड्याने कळे. हे थट्टेने म्हणत नाही. खरंच तसं होतं.

आता गर्दीकडे वळू, कारण गर्दी ऐकण्यापुरती नव्हती. गर्दी हाच पुरावा होता. जनमत चाचण्या नव्हत्या, मताचा हक्क थोड्यांना. मग ‘लोकांना हे हवं आहे’ असं म्हणणाऱ्याने दाखवायचं काय? किती माणसं आली, किती सह्या झाल्या, किती हात वर गेले. तिन्ही ठिकाणी भांडण ठरलेलं.

मँचेस्टरजवळच्या कर्सल मूरवर सप्टेंबर १८३८ मध्ये सनदवाद्यांची सभा झाली. तिच्या गर्दीचे आकडे तीस हजारांपासून तीन लाखांपर्यंत सांगितले गेले. एकच सभा, एकच दुपार! पुढच्या वर्षी मे महिन्यात तिथेच पुन्हा सभा झाली तेव्हा उत्तर इंग्लंडातल्या फौजेचे प्रमुख चार्ल्स नेपियर होते. आयोजक लाखांच्या गोष्टी करत होते, नेपियरचा लष्करी अंदाज तीस-पस्तीस हजारांच्या पुढे जात नव्हता. त्यांना सनदवाद्यांबद्दल सहानुभूती होती. तरी त्यांनी काही पुढाऱ्यांना बोलावून तोफा कशा चालतात याचं प्रात्यक्षिक दाखवलं, उगाच रक्त सांडायला नको म्हणून. हेच नेपियर तीन वर्षांच्या आत पुण्याच्या छावणीत आले आणि तिथून सिंधवर गेले. गर्दी मोजायचा त्यांना तिकडे प्रश्न पडला नाही.

सगळ्यात गाजलेली मोजणी १० एप्रिल १८४८ ची. युरोपात क्रांत्यांची लाट होती. लंडनच्या केनिंग्टन कॉमनवर सभा भरवून प्रौढ पुरुष मताधिकार वगैरे सहा मागण्यांचा अर्ज मिरवणुकीने पार्लमेंटमध्ये न्यायचा, असा सनदवाद्यांचे पुढारी फर्गस ओकॉनर यांचा बेत होता. सरकारने राणीला आयल ऑफ वाइटला पाठवलं, संरक्षणाची व्यवस्था म्हाताऱ्या सेनापती वेलिंग्टनकडे दिली आणि ऐंशी हजारांहून जास्त नागरिकांना खास शिपाई म्हणून शपथ दिली. पुढे फ्रान्सचा सम्राट झालेला लुई नेपोलियन त्यांतलाच एक. पोलीस आयुक्त रिचर्ड मेन यांनी ओकॉनरना बोलावून सांगितलं: सभा घ्या, पण थेम्सचे पूल ओलांडून मिरवणूक नेता येणार नाही. ओकॉनर मानले. अर्ज भाड्याच्या घोडागाड्यांतून गेला. पाऊस आला आणि लोक पांगले. गर्दी किती? सरकारी आकडा पंधरा हजार, सनदवाद्यांचा दीड लाख.

त्या दिवशी विल्यम किलबर्न नावाच्या छायाचित्रकाराने वरून दोन डॅगेरोटाइप काढले. एवढ्या मोठ्या सभेची इतकी जुनी छायाचित्रं फार थोडी असतील. टोप्यांचा समुद्र, मधे गाडीवरचं व्यासपीठ, निशाणं, मागे धुराडं. बहुतेक सगळ्यांची पाठ आपल्याकडे. छायाचित्रं विकत घेतली कोणी? राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी. ती आजही राजघराण्याच्या संग्रहात आहेत. ज्यांना भ्यायला झालं होतं त्यांनीच गर्दीचा पुरावा जपला.

अर्जाची कथा आणखी बोलकी. ओकॉनर म्हणाले, सत्तावन्न लाखांवर सह्या आहेत. पार्लमेंटच्या समितीने कारकून बसवले आणि थोड्याच दिवसांत जाहीर केलं: १९,७५,४९६. वर ‘व्हिक्टोरिया रेक्स’ (‘रेक्स’ म्हणजे राजा), वेलिंग्टनचे ड्यूक, ‘पगनोज’ म्हणजे नकटोबा, असल्या खोट्या सह्या वाचून दाखवल्या. सभागृहात हशा पिकला आणि चळवळीची अब्रू गेली. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते.

मी मात्र या मोजणीपाशी अडलो. मोजायला बसले होते १३ कारकून आणि वेळ लागला १७ तासांहून थोडा जास्त. भागाकार करा. १३ गुणिले १७ म्हणजे २२१ तास. तासाला माणशी जवळजवळ नऊ हजार, मिनिटाला सुमारे दीडशे सह्या. दीडशे शब्द मिनिटाला हा माझा तरुणपणीचा वेग. त्या वेगाने अर्धा तास लिहिलं की मनगट बधिर व्हायचं. आणि हे गृहस्थ सतरा तास मिनिटाला दीडशे सह्या मोजत होते, शिवाय एकाच हस्ताक्षरातल्या कुठल्या आणि बनावट कुठल्या हेही ओळखत होते! ओकॉनर यांचा आकडा फुगवलेला होता यात मला शंका नाही. पण शेवटच्या ९६ पर्यंत नेमका असलेला तो सरकारी आकडाही मला मोजलेला वाटत नाही. एवढ्या वेळात तेरा कारकुनांना इतक्या सह्या मोजता येणार नाहीत, असं ओकॉनर सभागृहात म्हणालेही. उपयोग झाला नाही. हशा आधी पिकला.

ज्यावर वाद झाला नाही असा गर्दीचा आकडा मला एकच माहीत आहे: २३,६५४. ७ ऑक्टोबर १८५७, लंडनचा क्रिस्टल पॅलेस. सभा राजकीय म्हणता यायची नाही आणि मैदानावरचीही नव्हती. आपल्याकडच्या सत्तावन्नच्या उठावामुळे इंग्लंडात राष्ट्रीय उपवासाचा दिवस पाळला गेला, तेव्हाचं हे स्पर्जन या तरुण धर्मोपदेशकाचं प्रवचन. हा आकडा निर्विवाद राहिला, कारण दाराला फिरती फाटकं होती आणि ती माणसं मोजत होती.

हात वर करण्याचा प्रकार तर नाटकच. १८७२ पर्यंत निवडणुकीत उमेदवारांची नावं उघड्यावर, लाकडी मंचावरून मांडली जात. उमेदवार भाषण करत, खालून प्रश्न येत, कधी अंडी आणि मेलेली मांजरंही येत. मग हात वर करायला सांगत, आणि मताचा हक्क नसलेलेही खुशाल हात वर करत. हरणारा म्हणे, मला रीतसर मतदान हवं. मग मतदार जाऊन सगळ्यांदेखत आपलं मत सांगत आणि ते वहीत लिहिलं जाई. १८४७ मध्ये टिव्हर्टन या लहानशा गावात परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांच्यासमोर जॉर्ज ज्युलियन हार्नी हा सनदवादी उभा राहिला. परराष्ट्र धोरणाची त्याने तास दोन तास चिरफाड केली, पामर्स्टन यांनीही सविस्तर उत्तर दिलं. हात वर करायला सांगितले तेव्हा हार्नी जिंकला! आणि मतदानाला उभा न राहता निघून गेला. मतदार थोडे, त्यांची मतं आधीच ठरलेली, हे त्याला माहीत होतं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं: भाषण आणि त्याचं वृत्त.

१८७२ च्या कायद्याने मतदान गुप्त झालं, मंच गेला. पहिली गुप्त पोटनिवडणूक त्याच ऑगस्टात पाँटेफ्रॅक्टला झाली. गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून मतपेटीच्या लाखेवर वड्यांच्या कारखान्यातलाच शिक्का मारला. दंगा कमी झाला, पण ज्यांना मत नव्हतं त्यांचा निवडणुकीत आवाज उठवायचा एक हक्काचा दिवसही गेला. सुधारणेचं हे नुकसान फारसं कोणी मोजत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग. बदललं का लोकमत?

हाइड पार्कचं उदाहरण बघा. २३ जुलै १८६६ ला रिफॉर्म लीगला तिथे मताधिकारासाठी सभा घ्यायची होती. गृहमंत्री वॉलपोल यांनी बंदी घातली. लीगचे अध्यक्ष एडमंड बील्स फाटकाशी आले, पोलिसांनी अडवलं, तेव्हा वाद न घालता ते ट्रफाल्गर चौकाकडे वळले. मागे राहिलेली गर्दी लोखंडी कठड्याला टेकली, कठडा हलला, लोकांनी आणखी हलवला आणि तो कोसळला. पुढच्या वर्षी ६ मे रोजी लीगने पुन्हा सभा जाहीर केली, सरकारने पुन्हा मनाई केली. पण मनाईमागे कायद्याचा आधार नव्हता. लाखभर लोक जमले, दहा व्यासपीठांवरून भाषणं झाली, कुठे काही फुटलं नाही, आणि वॉलपोल यांना पद सोडावं लागलं. सभेनंतर अकरा दिवसांनी अर्थमंत्री डिझरायलींनी मताधिकाराच्या विधेयकात अशी दुरुस्ती मान्य केली की मतदारांत लाखोंची भर पडली. सभेमुळे? डिझरायलींनी तसं कधी कबूल केलं नसतं आणि संसदेतल्या डावपेचांचा वाटा मोठाच होता. पण त्या दिवशी कोणाचं मत भाषणाने बदललं असेल असं मला वाटत नाही. बदलली ती भीती. लाखभर मजूर जमतात, ऐकतात आणि संध्याकाळी घरी जातात, हे श्रीमंत लंडनने खिडकीतून पाहिलं. गर्दी शांत राहिली हेच तिचं भाषण होतं.

बल्गेरियात तुर्कांनी केलेल्या कत्तलींवर ग्लॅडस्टन यांनी सप्टेंबर १८७६ मध्ये पुस्तिका काढली. महिन्याभरात तिच्या दोन लाख प्रती खपल्या. पुस्तिका निघाल्यावर तीन दिवसांनी पुन्हा ब्लॅकहीथ, भर पावसात दहाएक हजार लोक. सारा देश तुर्कांविरुद्ध उठला असं वाटावं. आणि दीड वर्षाच्या आत, २४ फेब्रुवारी १८७८ च्या रविवारी, हाइड पार्कमधली शांततावाद्यांची सभा तुर्कांच्या बाजूने रशियाशी युद्ध हवं असणाऱ्यांनी उधळली आणि जमावाने जाऊन ग्लॅडस्टन यांच्या हार्ली स्ट्रीटवरच्या घराच्या काचा फोडल्या. शहर तेच. मग लोकमत कुठलं धरायचं, पावसातलं की काचा फोडणारं? दोन्ही. लोक बदलले नव्हते. वेगवेगळे लोक वेगवेगळ्या दिवशी घराबाहेर पडले होते.

स्कॉटलंडमधल्या मिडलोथियन मतदारसंघातली ग्लॅडस्टन यांची प्रचारमोहीम नोव्हेंबर-डिसेंबर १८७९ ची. ग्लॅडस्टन सत्तरीला आलेले. लिव्हरपूलहून गाडीने निघाले, वाटेत स्टेशनास्टेशनांवर बोलले. एडिंबरोच्या वेव्हर्ली मार्केटमध्ये वीस हजार माणसं, तीही छपराखाली. घुसमटून बेशुद्ध पडलेल्यांना डोक्यांवरून हातोहात बाहेर काढलं जात होतं आणि म्हातारबुवा बोलत होते. पंधरवड्यात आपण किती जणांपुढे बोललो याचा हिशोब त्यांनी स्वतः दैनंदिनीत लिहून ठेवला: ८६,९३०. आता निकाल पाहा. एप्रिल १८८० मध्ये ग्लॅडस्टन १,५७९ मतं, प्रतिस्पर्धी लॉर्ड डालकीथ १,३६८. सगळी मिळून तीन हजारही मतं नाहीत! ८६,९३० माणसांपुढचं भाषण त्या मतदारसंघासाठी नव्हतंच. ते तारेवरून बाहेर जायचं होतं. त्यांचा लिबरल पक्ष देशभर जिंकला. मात्र १८७९ चं पीक अतिपावसाने गेलं होतं, व्यापार मंदीत होता, आणि उपाशी माणसाला सरकार बदलायला वक्तृत्व लागत नाही. भाषणांनी त्या रागाला शब्द दिले, असं मी म्हणेन. आधीच चिडलेल्याला ‘आपण याच कारणासाठी चिडलो आहोत’ असं वाटायला लावणं, हे भाषणाचं काम. विरोधकाला फिरवणं त्याला क्वचितच जमतं. तीस वर्षं टेबलावर बसून मी विरोधक फिरलेला एकदाही पाहिला नाही.

त्याच मोहिमेत डालकीथ गावी स्त्रियांच्या सभेत ग्लॅडस्टन म्हणाले की बर्फातल्या अफगाण खेड्यातल्या माणसाचा जीव देवाच्या दृष्टीने तुमच्या जिवाइतकाच पवित्र आहे. ऐकणाऱ्या बायकांना मत नव्हतं. इंग्रज तेव्हा अफगाणिस्तानात लढत होते त्या युद्धाचा मोठा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडत होता. ही भाषणं आपल्याकडे वाचली जात होती आणि त्यांतून एक गोष्ट उमजली होती: विलायतेतलं सरकार हलवायचं तर तिथल्या मतदारासमोर जायला हवं. १८८५ च्या निवडणुकीआधी मुंबईहून नारायण गणेश चंदावरकर, बंगालमधून मनमोहन घोष आणि मद्रासहून रामस्वामी मुदलियार इंग्लंडला गेले आणि त्यांनी गावोगावी सभांतून भाषणं केली. आपल्याकडे ‘लोकमत दाखवा’ याचं उत्तर तोवर वेगळं होतं. १८७० मध्ये पुण्याची सार्वजनिक सभा निघाली तेव्हा सभासदाने निदान पन्नास जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं असा नियम होता. ९५ जण सहा हजार सह्या घेऊन आले. आम्ही कोणाच्या वतीने बोलतो ते लिहून आणलंय, असा तो मामला. केनिंग्टनच्या अर्जापेक्षा मला ही रीत जास्त टिकाऊ वाटते.

चार्ल्स ब्रॅडलॉ यांचं नावही इथे घ्यायला हवं. पोरवयात पूर्व लंडनच्या बॉनर फील्ड्सवर उघड्यावर वाद घालत तयार झालेला हा वक्ता. पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचे प्रश्न इतके लावून धरले की लोक त्यांना ‘हिंदुस्थानचे खासदार’ म्हणू लागले. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते स्वतः आले होते.

आणि लॉर्ड सॉल्सबरी. नोव्हेंबर १८८८ मध्ये एडिंबरोच्या सभेत पंतप्रधान असताना ते बोलून गेले की इंग्लंडचा मतदारसंघ एखाद्या ‘काळ्या माणसाला’ निवडून देण्याच्या टप्प्याला आपण पोचलोय की नाही याची मला शंका आहे. रोख दादाभाई नौरोजींवर होता. ते १८८६ मध्ये होबर्नला हरले होते. सभागृहापुरतं असतं तर वाक्य तिथेच विरलं असतं. टेबलावरच्या माणसांनी ते उतरवलं, तारेने गेलं, आणि ज्यांनी दादाभाईंचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना ते एका सकाळीत पाठ झालं. दादाभाईंच्या सन्मानार्थ लंडनमध्ये मेजवानी झाली. १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. मताधिक्य एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. फिन्सबरीच्या लोकांना ‘नौरोजी’ म्हणता येईना, तेव्हा त्यांनी त्या मताधिक्यावरूनच नाव पाडलं: ‘नॅरो-मेजॉरिटी’.